कूस बदलायची वेळ

यशोदाबाईंच्या घरी जायचं तर घड्याळ बघून जावं लागतं. आठ, दहा, बारा, दोन असे सम आकडे टाळायचे. त्या वेळी तुम्ही सरपंच असा नाहीतर तालुक्याचे डॉक्टर, त्या तुम्हाला दारात उभं ठेवून आत निघून जातात. आतून खाट कुरकुरते, एक पुरुषी शिवी ऐकू येते, आणि मग पदराला हात पुसत बाहेर येऊन त्या विचारतात, "हं, काय म्हनत होता?"

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला, दगडोबांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली. पुढं वर्षभरानं तोल जाऊन पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ते खाटेवर आहेत. स्वतःच्या अंगानं कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ चिघळते. हे यशोदाबाईंना मीच शिकवलं. मी निता, गावची आशाताई. डोंगरकडा नावाच्या बाजारगावापासून चार किलोमीटरवरचं आमचं गाव, तीनशे उंबऱ्यांचं, आणि त्या तीनशे उंबऱ्यांतली सगळी दुखणी माझ्या वहीत आहेत. दगडोबांच्या पाठीवर आठ वर्षांत एक फोड आला नाही. मोठे डॉक्टर एकदा तपासायला आले तेव्हा त्यांनी ती पाठ उघडी करून सोबतच्या नर्सिंगच्या पोरींना दाखवली होती. मला केवढा अभिमान वाटला! त्या पाठीपायी एक बाई दिवसरात्र दोन तासांच्या दाव्याला बांधलेली आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अशी मी हुशार.

तसं बघितलं तर दावं जुनंच होतं. घर धनगराचं. दगडोबांची दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन आदिलाबादच्या अंगाला निघायचे ते थेट मृगाच्या तोंडावर परतायचे. बाकीच्यांच्या बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून सोबत जायच्या, वाटेत बाळंत व्हायच्या, तेलंगी शिकून यायच्या. यशोदाबाईंची सासू दम्याची. तिच्यापाशी कुणीतरी हवं, म्हणून यशोदाबाई घरीच. सासू तीस वर्षं धापा टाकत जगली. यशोदाबाई गावाच्या शिवेपर्यंत कळपाला पोचवायला जायच्या, टेकडीआड शेवटचं मेंढरू दिसेनासं झालं की माघारी यायच्या. नंतर मेंढरं विकली, सासू गेली, आणि आता सुटका झाली असं वाटेपर्यंत दगडोबा पडले.

आमच्याकडं पूजेला जोडपंच बसतं. बायको अडचणीत असली, बाळंतीण असली, लांब असली, तर नवरा कमरेला सुपारी खोचून एकटा बसतो. सुपारी म्हणजे बायको, देवाला तेवढं चालतं. यशोदाबाईंच्या जागी दगडोबांनी जन्मभर सुपारीच खोचली. घराची वास्तुशांत झाली तेव्हा यशोदाबाई मागच्या अंगणात शंभर माणसांचं वरण ढवळत होत्या. खंडोबाच्या जागरणाला सासूला उलट्या होत होत्या. आणि धाकट्या लेकीचं, सुकन्याचं लग्न होतं आखाडा बाळापूरच्या मंगल कार्यालयात, तेव्हा सासू शेवटचे दिवस मोजत होती. घरी कोण थांबणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पोटच्या पोरीचं कन्यादान दगडोबांनी कमरेला सुपारी खोचून केलं. यशोदाबाईंनी नंतर फोटो बघितले. फोटोत सुपारी दिसत नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मी रक्तदाब बघायला गेले होते. सव्वानऊ वाजले होते, म्हणजे पाऊण तास मोकळा. दगडोबांचा चुलतभाऊ प्रभू आमच्या भजनी मंडळाचा पुढारी. त्यानं मे महिन्यात केदारनाथ-बद्रीनाथ काढायचं ठरवलं होतं, चोवीस माणसं, आणि औषधाची पेटी म्हणून मलाही सोबत घेतलं होतं. मी आपली सहज सांगत होते. पट्टा दंडाला बांधलेला, पंप दाबून राहिले, आणि बाई म्हणाल्या, "मलाबी यायचंय."

मी हसले. वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाल्या असतील.

"हसू नको निता. केदारनाथला किती चालावं लागतं म्हनलीस?"

"सोळा-अठरा किलोमीटर. चढच चढ. पहाटं निघालं की सांज होती. आणि तिथं हवा पातळ असती, मावशी, दम लागतो. काहून पण? इथला महादेव काय वाईट हाय?"

"देवाचं न्हाई गं." त्यांनी दाराकडं बघून आवाज उतरवला. "जिथून दोन तासांत माघारी येता येत न्हाई, अशा एका जागी मला जाऊन यायचंय. मरायच्या आधी."

पट्ट्याचा आकडा वर गेलेला दिसला. मी तो वहीत लिहिला नाही.

गावात गोष्ट पसरायला एक दिवस लागला. पहिला प्रभू उठला. मंदिराच्या पारावर त्यानं यशोदाबाईंना बोलावून घेतलं. नवरा जिता असताना बाईनं एकटीनं तीर्थाला जाऊ नये, पुण्य लागत नाही, उलट नवऱ्याला बाधतं, असं बरंच काही म्हणाला.

"मी एकटी न्हाई जात," यशोदाबाई म्हणाल्या. "सुपारी नेते."

"वयनी, बायकोच्या जागी सुपारी चालती. नवऱ्याच्या जागी सुपारी कुठं ऐकली का?"

"काहून चालत न्हाई?"

"शास्त्र हाय ते."

"कोन्त्या पानावर हाय भाऊजी?" हे मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, सगळं गाव जाणून आहे. प्रभूनं माझ्याकडं असं बघितलं की औषधाची पेटी उतरवूनच ठेवणार. पण पार बायकांनी भरला होता, आणि त्यातल्या निम्म्या जणींची कधी ना कधी सुपारी झालेली होती. कुणीतरी म्हणालं, महादेवाला विचारा, तो अर्धा बाई आहे. हशा पिकला. प्रभू म्हणाला, दादा हो म्हणाला तर माझी ना नाही. त्याला खात्री होती की दादा हो म्हणणार नाही.

दादा म्हणालाच नाही. तीन आठवडे दगडोबा रुसून होते. आता रुसून भिंतीकडं तोंड करायचं म्हटलं तरी ते यशोदाबाईंनीच करून द्यावं लागायचं. त्या करून द्यायच्या. भाकर भरवायला गेल्या की ते ओठ मिटायचे. बायकोला म्हणायचे, "जा, जा, मी मेल्यावर जा." शब्द जड येतात त्यांचे, पण हे बराबर समजायचं. घरातून बाहेर पडून मला सांगताना यशोदाबाई म्हणायच्या, "त्यांचंबी चुकत न्हाई. ते खाटंला हायेत, मी त्यांला हाय."

एका दुपारी मी तिथंच होते. बाराची कूस झाली होती. यशोदाबाई त्यांचा खांदा नीट करता करता म्हणाल्या, "सुकन्याच्या लग्नात मी कुठं होते?"

"घरी," दगडोबा म्हणाले.

"न्हाई. तुमच्या कमरंला होते."

दगडोबांनी डावा डोळा पुसायला डावा हात उचलला. मग म्हणाले, "सुपारी कडक बघून घे. किडकी नको."

अशी परवानगी मिळाली. उरला एकच प्रश्न, तेरा दिवस कूस कोण बदलणार? तोही आमच्या दृष्टीनं प्रश्न नव्हताच. घरात सून होती, मोहिनी. गोल तोंडाची, हसरी, बोलायला कमी. मी एका दुपारी जाऊन तिला शिकवलं: आधी गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढायचं नाही, लोटायचं. तिचा नवरा शिवप्रसाद, म्हणजे यशोदाबाईंचा मुलगा, दारात उभा राहून मोबाइल बघत होता. मी त्याला म्हटलं, "शिवा, जरा बाजूला सरक बाबा, उजेड अडून राहिला." तो सरकला.

मग सराव. गावामागं म्हसोबाची टेकडी आहे, आमच्या भागात तोच हिमालय. सहाची कूस झाली की यशोदाबाई निघायच्या. नऊवारीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. पोरं मागून ओरडायची, "आज्जी पोलीस भरतीला चालली!" पहिल्या दिवशी एकदा चढून उतरल्या आणि आठ वाजायच्या आत घरी. महिन्याभरात त्या त्याच वेळात तीनदा चढू-उतरू लागल्या, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन. मी खूश नव्हते.

"मावशी, तिथं दिसभर चालायचं हाय. एकदा तरी पाच-सहा तास सलग चाला."

"लांब चालायला दावं लांब लागतं, निता."

"मोहिनी हाय की. तिला सांगा एक दिस."

"तेरा दिस सांगायचेच हायेत तिला. आत्तापासून काहून?" एप्रिलचं ऊन सकाळीच भाजून काढत होतं. कळशीतलं पाणी अंगावर सांडलेलं. "दोन तासांत मावंल तेवढा डोंगर मी चढून घेते. उरल्याला तिथं बघू."

निघायच्या दिवशी हलगी वाजली, ओट्या भरल्या, प्रभूनं फेटा बांधला. यशोदाबाईंनी दगडोबांच्या हातून सुपारी घेतली. टणक, गुळगुळीत, दगडोबांनी स्वतः दातानं तपासलेली. त्यांनी ती डाव्या कमरेला निऱ्यांत खोचली, आणि आठची कूस बदलूनच गाडीत बसल्या.

नांदेडहून रेल्वे, मग हरिद्वारहून बस. तीन दिवस मी त्यांच्या शेजारी होते म्हणून सांगते, त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं आणि लागतही नव्हतं. दर दोन तासांनी त्या दचकायच्या. झोपेत असल्या तरी उठून बसायच्या, हात पुढं करायच्या, आणि समोर नवरा नाही हे कळलं की चेहरा असा व्हायचा की काही विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय काढला. वेळ झाली की कमरेची सुपारी काढायच्या आणि दुसऱ्या बाजूला खोचायच्या. डावी, उजवी, डावी. मग शांत बसायच्या. मी म्हटलं, "हे काय मावशी?"

"त्यांची कूस," त्या म्हणाल्या.

चढाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सोनप्रयागला होतो. शिवप्रसादचा फोन आला. बाबा दोन दिवसांपासून जेवत नाहीत, तुझं नाव घेऊन राहिले. यशोदाबाई फोन कानाला लावून भिंतीला टेकल्या. घर तीन दिवस लांब होतं. पाय लावून पळत गेल्या असत्या तरी तीन दिवस. प्रभू म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. त्या वेळी मला त्याला नदीत लोटावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग फोनवर मोहिनीचा आवाज आला. तिनं नवऱ्याच्या हातून फोन घेतला असावा.

"आत्याबाई, तुमी वर जा. मामा जेवतेत, माझ्या हातचं खायला लाजून राहिलेत फकस्त. मी भरवते. तुमी जा."

यशोदाबाईंनी फोन मला दिला आणि विचारलं, "जाऊ का गं?" आजवर त्यांना कुणी मनापासून जा म्हटलं नव्हतं, त्यामुळं ऐकूनही खरं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "पहाटं तीनला उठायचं हाय. झोपा."

जीपनं गौरीकुंड गाठून साडेचारला चालायला लागलो. अंधार, घंटा, आणि खेचरांच्या लिदीचा वास. खेचरवाले 'हटो, हटो' करत अंगावर यायचे. प्रभूनं खेचरच केलं होतं. वरून हात हलवत गेला. रस्ता दगडी आणि ओला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली मंदाकिनीचा आवाज. मी पहिल्या तासात जोरात सुटले आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर बसले. यशोदाबाई हळूहळू येत होत्या. थांबायच्या नाहीत, पळायच्या नाहीत. कळपातल्या लंगड्या मेंढराच्या चालीनं चालायचं, हे त्यांना सासऱ्यानं सांगितलं होतं म्हणे, आणि ते वापरायची ही पहिलीच वेळ होती.

सहाला त्यांनी सुपारी फिरवली. आठला भीमबलीच्या आसपास फिरवली. दहाला पूल ओलांडून उभा चढ सुरू झाला होता, मागं खेचरांची रांग, आणि बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून कमर चाचपतायत. मागचा खेचरवाला ओरडला. मीही ओरडले. माझं डोकं ठणकत होतं आणि दोनदा उलटी झाली होती.

"मावशी, इथं कोन हाय कूस बदलायला? कोन पाहून राहिलं? चला ना!"

"हाय की," त्या म्हणाल्या. "आठपासून एकाच अंगावर हायेत."

हिमालयात आणून सोडलं तरी बाई आमच्या गावातल्या त्या खोलीतच होत्या. दर दोन तासांनी खाट त्यांच्या आडवी यायची. समोर हिरव्या डोंगरांवरून पांढरे धबधबे पडत होते आणि त्या सांगत होत्या की मोहिनीला पेज पातळ करायला सांगायचं राहिलं, की डाव्या टाचेखाली कापड ठेवायचं मी बोललेच नाही. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग खरं तर स्वतःचा होता.

बाराची कूस झाल्यावर लिंचोलीला पोचलो. करोनाच्या वेळी मिळालेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी सोबत घेतलं होतं. माझं बोट घातलं, चौऱ्याऐंशी. यशोदाबाईंचं एकोणनव्वद. आरोग्य पथकातल्या पोरानं मला बसवून ठेवलं, नळी लावली, गरम पाणी दिलं. तासाभरानं डोकं उतरलं. यशोदाबाईंनी माझी पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चल. आता तू माझं मेंढरू."

पुढचा चढ उघडा होता. झाडं संपली. दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. छातीत हवा भरायची पण पोचायची नाही. धुकं आलं, बारीक गारा पडल्या, प्लास्टिकचे रेनकोट फडफडले. मी खाली मान घालून त्यांचे बूट बघत चालत होते. ते बूट मग पुढं गेले. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. चढ संपून सपाटी लागली होती, धुकं एकदम वर उचललं गेलं होतं, आणि समोर ते बर्फाचे डोंगर उभे होते, मान मागं टाकावी लागेल एवढे. त्यांच्या पायाशी देऊळ. साठीला आलेली आमची धनगरीण दोन्ही हात मोकळे सोडून भराभरा चालत निघाली होती. मी त्यांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. गावात त्या पळतात, नाहीतर उभ्या असतात.

मी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. त्या दर्शनाच्या रांगेच्या बाहेर एका दगडावर बसल्या होत्या, मूठ आवळून. मला वाटलं दम लागला. यंत्र काढायला लागले तर त्यांनी मूठ उघडून दाखवली. सुपारी.

"डाव्याच अंगाला होती," त्या म्हणाल्या. "बारापासून. दोनची चुकली, चारची चुकली. मला आठवलंच न्हाई, निता."

"असू द्या मावशी. मोहिनी हाय तिकडं."

"तसं न्हाई गं." त्या रडायला लागल्या, पदर तोंडावर न घेता, सगळ्यांच्या देखत. "मला बरं वाटून राहिलं होतं. पाच तास. ते न्हाईतच असं वाटून राहिलं होतं, आणि बरं वाटून राहिलं होतं. मी काय बाई हाय का कोन हाय?"

मी शेजारी बसले आणि मीही रडले. पंजाबकडची एक म्हातारी आम्हाला खारे शेंगदाणे देऊन गेली.

मग त्या रांगेत लागल्या. तळहातावर सुपारी धरून दर्शन घेतलं. पुजारी म्हणाला, इथंच ठेवून द्या. "न्हाई, माघारी न्यायचेत," म्हणाल्या, आणि उजव्या कमरेला खोचली. रात्री तंबूत पाच रजयांखाली त्या सलग सात तास झोपल्या. सकाळी जाग आली तेव्हा इतक्या घाबरल्या की अनवाणीच बाहेर धावल्या.

तेराव्या दिवशी संध्याकाळी गावात परतलो. हलगी, गुलाल, बायकांची झुंबड. केदारनाथ पायी चढलेल्या आम्ही आठच होतो आणि त्यांत वयानं मोठ्या यशोदाबाई. आल्या आल्या त्या आत गेल्या. दगडोबांची पाठ उघडून बघितली. पाठ स्वच्छ होती. मीही बघितली आणि मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास मोहिनी!" दगडोबांनी बायकोचा हात धरून ठेवला. सुपारी त्यांच्या उशाशी ठेवून त्या बाहेर आल्या. ओसरीवर पाट मांडला होता. तीर्थाहून आलेल्या माणसाचे पाय धुवायचे असतात. मोहिनी तांब्या घेऊन बसली, बायकांनी ओवाळलं, प्रभू चढाची गोष्ट स्वतः चालल्यासारखी सांगत होता, शिवप्रसाद मोबाइलवर फोटो काढत होता.

तेवढ्यात आतल्या कोनाड्यात मोहिनीचा मोबाइल वाजायला लागला. सहा वाजले होते.

यशोदाबाई पाटावरून उठल्या. त्याच क्षणी मोहिनीही उठली. कुणी कुणाकडं बघून उठलं नव्हतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, एकीचे पाय ओले, एकीच्या हातात तांब्या, आणि दोघींचेही हात पुढं आलेले, तेच, एक खांद्याच्या उंचीला आणि एक कमरेच्या.

तेव्हा कुठं मी मोहिनीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. डोळे खोल गेले होते. गालाची हाडं वर आली होती. तेरा दिवस आम्ही सगळ्यांनी डोंगराच्या गप्पा मारल्या होत्या.

"रातचा गजर कितीदा लावतीस?" यशोदाबाईंनी विचारलं.

"तुमी उठायचा तेवढाच, आत्याबाई."

"मी गेल्यापून सलग झोपलीस का?"

"झोपते की." मग खाली बघून म्हणाली, "न्हाई."

यशोदाबाईंनी तिच्या हातून तांब्या घेतला, बाजूला ठेवला, तिला स्वतःच्या पाटावर शेजारी बसवलं आणि आपणही बसल्या. एका पाटावर दोघी मावत नव्हत्या. मग हाक मारली, "शिवा."

"काय माय?" मोबाइल अजून डोळ्यासमोरच होता.

"आत जा. बापाची कूस बदल."

शिवप्रसाद हसला, मग हसू थांबवलं. "मला येत न्हाई ना माय."

"मला तरी कुठं येत होतं?"

"वयनी, आजच्या दिशी कशाला," प्रभू म्हणाला. शिवप्रसादनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी म्हणेन, आजच्या दिवस बायकांनी करावं असं काहीतरी, अशी त्याला आशा होती. उजेड अडतोय म्हणून मी या पोराला दारातून बाजूला सारलं होतं, ते मला आठवलं, आणि लाज वाटली.

"गुडघा आधी दुमड," मी म्हटलं. "मग एक हात खांद्याखाली. ओढू नको, लोट."

तो आत गेला. खाट कुरकुरली. शिवी आली, मग काहीतरी खाली पडलं, भांडं असावं. "माय, ये ना जरा!" शिवप्रसाद ओरडला. मोहिनी अर्धी उठली. यशोदाबाईंनी तिचं मनगट पकडून खाली बसवलं आणि सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी पाटाची कड घट्ट धरली होती. आतून दगडोबांनी हाक मारली, "यशोदेऽ!" चढावर यशोदाबाईंना एवढा दम लागलेला मी पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छाती वरखाली होत होती, पण त्या उठल्या नाहीत.